वाचून दाखवले, बरोबर आहे

कोर्टातून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, पण बोटं काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. टीव्हीवर बातम्या लागल्या की ती मांडीवर चालायला लागतात. शेजारीण दारात उभी राहून सुनेची गाऱ्हाणी सांगते तेव्हा माझ्या डोक्यात आपोआप उमटत जातं, 'मी सदर सुनेस ओळखते. तिचे व माझे संबंध चांगले नाहीत.' एकतीस वर्षं मी स्टेनोची नोकरी केली. आधी तालुक्याच्या कोर्टांत, शेवटची काही वर्षं शहरात. साक्षीदारानं बोलायचं, साहेबांनी म्हणजे न्यायाधीशांनी ते कोर्टाच्या भाषेत सांगायचं आणि मी टाईप करायचं. माझ्या टायपात चूक सापडायची नाही अशी माझी ख्याती होती. ती मी मिरवलीसुद्धा, खोटं कशाला बोलू.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची छावणी भागातल्या आमच्या घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "मावशी, आम्हाला प्रतिवेदक पाहिजे."

"आता हे काय नवीन?"

"सभागृहात जे बोललं जाईल ते शब्दन् शब्द लिहून घेणारा माणूस."

"मग सरळ टायपिस्ट म्हण की बयो."

ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या कॉलेजात अभिरूप संसद भरणार होती. जुने फौजदारी कायदे गेले, नवे आले, त्या नव्यांत काय काय दुरुस्त करायला पाहिजे यावर पोरांनी एक विधेयक तयार केलेलं. कुणी गृहमंत्री, कुणी विरोधी पक्षनेता, अध्यक्ष म्हणून त्यांचे सर. चर्चा, दुरुस्त्या, मतदान, सगळं खऱ्या सभागृहासारखं. मी म्हटलं, घरी बसून तरी काय दिवे लावतेय, येते.

मग तिनं आपली दुरुस्ती वाचून दाखवली आणि माझा चेहरा उतरला. साक्षीदाराची साक्ष झाली की ती त्याला त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवावी. वाचून दाखवतानाचं चित्रीकरण साक्षीला जोडावं. ते नसेल तर साक्ष पुरी झाली असं मानू नये. एवढंच होतं. पण हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक होतं. ते माझ्याकडूनच गेलेलं होतं.

कधीतरी भाजी निवडत मी तिला एका बाईची गोष्ट सांगितली होती. एका टायपिस्टनं साक्षीतलं एक वाक्य गाळलं आणि त्या बाईची केस बुडाली, अशी. ती टायपिस्ट मी होते, एवढं मात्र सांगायचं राहू दिलं होतं.

आधी आमच्या कामाची रीत सांगते. प्रत्येक साक्षीच्या खाली एक ओळ असते, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' कायदा जुना असो की नवा, साक्षीदाराला त्याची साक्ष वाचून दाखवायची हे दोन्हीत आहेच. पण दिवसाला सात-आठ साक्षी, बाहेर पट्टेवाल्याचा पुकारा चालू, वकिलांची गडबड. वाचून दाखवणार कोण आणि ऐकणार कोण? उलटतपासात वकिलाचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, तुम्ही खोटं बोलताय. त्यावर साहेब सांगायचे, 'हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.' ते कानावर पडलं की माझी बोटं कुणी न सांगता पुढची ओळ टाईप करून मोकळी व्हायची. वाचून दाखवले, बरोबर आहे. सही कर बाई, इथं, अन् इथं. झालं.

ती बाई करमाडकडच्या एका खेड्यातली. तिच्या नवऱ्याला भावकीतल्या एकानं विहिरीच्या पाण्याच्या पाळीच्या भांडणावरून अंगणात शिरून पाठीमागून मारलं होतं. पाय मोडला तो कायमचा. वेळ दिवेलागणीनंतरची, आणि बघणारी ती एकटीच. साक्षीला आली तेव्हा धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, आणि आवाज खणखणीत. "अंगणात दिवा व्हता साहेब. म्याच लावला व्हता. त्याच्या उजेडात ह्याचं तोंड बघितलं."

साहेबांनी ते वाक्य सांगितलं. नेमका तेव्हाच माझा कागद संपला. तेव्हा टाईपरायटर होते. कागद, कार्बन, कागद, कार्बन, अशा चार प्रती सारख्या करून रोलरमध्ये घालायच्या. तेवढ्यात साहेब ते वाक्य सांगून पुढं गेले. 'साहेब, परत सांगा' असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सकाळीच एकदा तसं म्हटल्यावर त्यांनी भर कोर्टात झापलं होतं, "लक्ष कुठं असतं तुमचं?" मी गप्प बसले. नंतर विचारीन म्हटलं. मग उलटतपास सुरू झाला आणि नंतर ते राहूनच गेलं. साक्ष संपली, बोटांनी खालची ओळ टाईप केली, बाईनं अंगठा दिला. मी ती साक्ष तिला वाचून दाखवली असती तर तिनं तिथंच मला अडवलं असतं.

आरोपी सुटला. निकाल साहेबांनी सांगितला आणि टाईप मीच केला. 'घटनास्थळी उजेड असल्याचे सदर साक्षीदाराने कोठेही सांगितलेले नाही.' हे वाक्य माझ्याच हातानं कागदावर उतरलं. तेव्हाही मी उठले नाही. नोकरी नवी नव्हती, पण भीती होती.

बाहेर व्हरांड्यात बाईनं मला गाठलं. "बाई, दिव्याचं म्या सांगितलं व्हतं ना?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? कागदावर आहे तेच खरं."

असं म्हटलं मी. वीस वर्षं झाली, अजून ते बोलणं मला कानात ऐकू येतं आणि माझीच मला लाज वाटते.

आता कळलं असेल, भाचीची दुरुस्ती ऐकून मी का गार पडले ते. तिला वाटलं मला आवडली नाही. म्हणाली, "मावशी, काही चुकलंय का?" मी म्हटलं, "नाही गं, झकास आहे." आणि चहाचं आधण ठेवायला आत पळाले.

संसदेच्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून वेळेआधी अर्धा तास हजर. कॉलेजचं सभागृह पोरांनी घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलं होतं. मधे अध्यक्षांची उंच खुर्ची, तिच्या पायाशी माझं टेबल आणि कॉम्प्युटर. अध्यक्षांच्या मागच्या भिंतीवर मोठा पडदा. मागं बसलेल्यांना वाचता यावं म्हणून मी टाईप करीन ते त्या पडद्यावर दिसणार होतं. तसं मला सांगितलं होतं म्हणे. मी कीबोर्डची बटणं कडक आहेत की सैल हे बघण्यात गुंतले होते, माझ्या डोक्यात काही ते शिरलं नाही.

पोरं काय बोलत होती हो! आमच्या वेळी कॉलेजात उभं राहून नाव सांगायचं तरी पाय लटपटायचे. गृहमंत्री झालेला पोरगा वेरूळचा. घरात गाईडचा धंदा, त्यामुळं आवाज असा की लेण्यातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावा. एकेक दुरुस्ती यायची आणि तो ती शांतपणे सोलून काढायचा. मला तो मनापासून आवडला, आणि त्याची भीतीही वाटली.

भाचीची पाळी आली. तिनं दुरुस्ती मांडली आणि मग गोष्ट सांगितली. खेड्यातली बाई, अंगणातला दिवा, संपलेला कागद. "अध्यक्ष महोदय, त्या टायपिस्टनं ते वाक्य गाळलं, आणि त्या बाईला ते कधीच कळलं नाही. कारण तिला कुणी काही वाचूनच दाखवलं नाही." मी मान खाली घालून टाईप करत होते. माझीच गोष्ट, माझ्याच बोटांनी.

गृहमंत्री उठले. "अध्यक्ष महोदय, कायद्यात ही तरतूद आधीच आहे. कोणत्याही कोर्टातली कोणतीही साक्ष काढा, खाली लिहिलेलं असतं, वाचून दाखवले, बरोबर आहे. खाली सही असते. सन्माननीय सदस्या म्हणतात, ही ओळ खोटी आहे. मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? त्या लेखी ओळीवर, की नाव नाही, गाव नाही अशा कुण्या टायपिस्टच्या गोष्टीवर? कोर्टाच्या प्रामाणिक कर्मचाऱ्यांवर हा आळ आहे. हे विधान त्यांनी मागे घ्यावं, नाहीतर ते कामकाजातून काढून टाकावं."

त्याच्या बाजूच्या पोरांनी बाकं वाजवली. अध्यक्षांनी भाचीकडं बघितलं. "सन्माननीय सदस्यांकडे काही आधार आहे का? नसेल तर मला ते विधान काढून टाकायला सांगावं लागेल."

काढून टाकायचं म्हणजे कुणी? मीच की. त्या बाईचं वाक्य दुसऱ्यांदा माझ्याच हातानं जाणार होतं. आणि माझी पोर तिथं उभी, कान लाल झालेले, कागद उलटेपालटे करतेय. तिच्याकडं आधार नव्हता. तो तिच्यापासून पाच हातांवर बसून टाईप करत होता.

ती म्हणाली, "नावं माझ्याकडे नाहीत, अध्यक्ष महोदय. पण मी खोटं बोलत नाहीये." आणि खाली बसली.

आता बघा काय झालं. 'मी खोटं बोलत नाहीये' हे शब्द कानावर पडले आणि माझ्या बोटांनी एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. मला पत्ताही नव्हता. सभागृहात आधी एक जण फिसकन हसला, मग दहा जण, मग सगळेच. मला वाटलं पोरीला हसतायत, माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात दाराशी उभे असलेले कॉलेजचे शिपाईमामा हळूच पुढं येऊन म्हणाले, "मॅडम, उप्पर सब दिख रा."

मी वळून बघितलं. पडद्यावर वीतभर अक्षरांत होतं:

'हे म्हणणे खरे नाही की मी खोटे बोलत आहे. वाचून दाखवले, बरोबर आहे.'

अध्यक्षही वळले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "प्रतिवेदक बाई, ही ओळ सभागृहात कुणी उच्चारली?"

"कुणी नाही सर."

"मग कामकाजात कशी आली?"

मी बोटं बटणांवरून मागं घेतली. भाची ताडकन उभी राहिली. हसू अजून पुरतं थांबलं नव्हतं. "हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महोदय! मला कुणी काही वाचून दाखवलेलं नाही. मी बरोबर आहे असं म्हटलेलं नाही. तरी माझ्या बोलण्याखाली ती ओळ आली. या सभागृहानं आपल्या डोळ्यांनी बघितलं. गृहमंत्र्यांना आधार पाहिजे होता, तो हा."

मग मात्र हसणाऱ्यांनी पडद्यावरची ओळ परत वाचली.

मी उठले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, प्रतिवेदकाला सभागृहात बोलता येत नाही."

"माहिती आहे सर," मी म्हटलं, "म्हणून तर एकतीस वर्षं बोलले नाही. पण ती टायपिस्ट मीच आहे."

पुढं मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, आणि लिहून घ्यायला टेबलावर कुणी नव्हतं. कार्बनचं सांगितलं, साहेबांच्या झापण्याचं सांगितलं, व्हरांड्यातलंही सांगितलं. खाली बसले तेव्हा भाची माझ्याकडं बघत होती. त्या नजरेत राग होता. तो मला कबूल होता.

गृहमंत्र्यानं आपल्या भाषणाचा कागद उलटा ठेवला. मग उठून म्हणाला, "अध्यक्ष महोदय, विधान मागे घेण्याची माझी मागणी मी मागे घेतो. आणि दुरुस्तीला एक उपदुरुस्ती सुचवतो. साक्ष नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यानं 'थांबा' म्हटलं तर थांबावं लागेल, आणि त्याबद्दल त्याला कुणी बोलणार नाही, हेही कायद्यात लिहा."

अरे लेकरा! हे वाक्य वीस वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर? मी पदरानं डोळे पुसले आणि ते टाईप केलं. अध्यक्षांनी मत विचारलं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं. 'होय' एवढ्या जोरात आलं की 'नाही' विचारायचं केवळ रीत म्हणून. मग अध्यक्ष माझ्याकडं वाकून म्हणाले, "आता हे सभागृहाला वाचून दाखवा." मी पहिल्यापासून सगळं वाचलं. दोन ठिकाणी पोरांनी मला दुरुस्त केलं. माझ्या टायपात चूक नसते म्हणणारी मी!

मला काही भ्रम नव्हता. पोरांची संसद, पोरांचा कायदा. उद्या सकाळी कुठल्याही कोर्टात त्यानं पान हलणार नव्हतं. पण ही पोरं अजून दोन वर्षांत काळा कोट घालून त्याच कोर्टांत उभी राहणार आहेत, त्यातली चार तरी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसतील, आणि त्यांच्यासमोर कुणी टायपिस्ट कागद बदलत असेल तेव्हा ती थांबतील, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजून वाटतं.

बाहेर चहाच्या वेळी भाची म्हणाली, "अर्धीच गोष्ट सांगितलीस मला."

"चुकलं बयो. आज सांगितली ना पुरी."

"आम्हाला सांगितलीस. तिला?"

मी चहाचा कप खाली ठेवला. या पोरीची जीभ कुणावर गेलीय कोण जाणे, तिच्या आईवर तर नाही.

त्या बाईचं गाव मला शोधायची गरजच नव्हती. समन्सवर कितीदा टाईप केलेलं, पाठ होतं. रविवारी भाचीनं मला स्कूटीवर मागं बसवलं आणि जालना रोड धरला. शेंद्र्याच्या कंपन्या मागं पडल्या तसा माझा धीर सुटत चालला. करमाडला मी म्हटलं, "जरा रसवंतीवर थांबू." ती म्हणाली, "येताना थांबू." आणि गाडी आत घातली.

घर सापडलं. आता सिमेंटचं झालेलं, भिंतीवर संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली, तिच्याशेजारी नवऱ्याचा हार घातलेला फोटो. मुलगा शेंद्र्याला कामावर गेलेला. सुनेनं पाणी आणलं. बाई म्हातारी झाली होती, पण आवाज तोच. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही कोर्टातल्या मशीनवाल्या बाई नव्हं?"

माझ्यानं बसवेना. उभ्या उभ्याच सांगितलं. "आई, दिव्याचं तुम्ही सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. कागद बदलत होते, राहून गेलं, आणि विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

मला वाटलं शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटत होतं. ती खाटेवर बसली.

"म्या सांगितलं व्हतं?"

"होय. चांगलं खणखणीत सांगितलं होतं."

"मला वाटायचं म्याच इसरले," ती म्हणाली. "हे मरंस्तोवर म्हणायचे, तुझ्यामुळं सुटला तो, एवढं बी सांगता आलं नाय तुला. लई इचार करायचे मी. कधी वाटायचं सांगितलं, कधी वाटायचं नाय. मग वाटलं, नसंल सांगितलं." आणि तिनं सुनेला हाक मारली. "ऐकलं का गं? म्या सांगितलं व्हतं! ही बाई म्हणतीय, हिनं आपल्या कानानं ऐकलंय!"

सून तिच्याजवळ येऊन बसली. भाचीनं तोंड फिरवलं. मी तर रडतच होते.

बाईनं डोळे पुसले. मग मला म्हणाली, "लिवून द्या."

भाचीनं वहीचा कागद फाडून दिला. मी लिहिलं, माझं नाव, मी कोर्टात स्टेनो होते, या बाईंनी साक्षीत सांगितलं होतं की अंगणात दिवा चालू होता, ते माझ्याकडून लिहायचं राहिलं, यांची काही चूक नव्हती. आणि खाली सही केली.

"आता वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी वाचलं. दिव्यापाशी तिनं हात वर केला. "थांबा. 'दिवा चालू व्हता' असं नाय. दिवा म्या लावला व्हता, असं लिवा."

मी थांबले. खोडलं, तिनं सांगितलं तसं लिहिलं, परत सगळं वाचलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

मग तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि मला परत दिला. नवऱ्याच्या फोटोकडं बोट केलं.

"आता ह्यास्नी वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं त्यांना."

मी उठले, पदर सारखा केला आणि फोटोसमोर उभी राहून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.